भांडं धरणारा

विनिपेगमध्ये पीठ आंबत नाही.
तीन दिवस झाले, भिजवलेला मका पातेल्यात
जसाच्या तसा, गुळगुळीत, मुका,
उत्तर येत नसलेल्या मुलासारखा.
बाहेर उणे एकतीस.
हीटर रात्री अकराला बंद, ही घरमालकाची शिस्त.

फोनवर कोरकोर हसली.
"ओडार्टे, पांघरूण घातलंस का त्याला?"
घातलं. माझं कामाचं जाकीट घातलं,
वर लोकरीची टोपीसुद्धा.
"मग बोल त्याच्याशी," ती म्हणाली.
मागे टेशीच्या स्टँडवर कुणीतरी
सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं.
मला तसंच कानाशी धरून
तिने दोघांना बांकू वाढला, मासे वाढले,
भांडण मिटवलं,
आणि मग विचारलं, "काय म्हणत होतास?"

चौथ्या दिवशी पातेलं कामावर नेलं.
इस्पितळाची लाँड्री. तळघर. सहा ड्रायर,
आणि त्यांच्या मागे हातभर जागा
जिथे फेब्रुवारीला शिरता येत नाही.
तिथे ठेवलं, चादरींच्या गठ्ठ्याआड.

दोन रात्रींत त्याला कंठ फुटला.
आधी बारीक बुडबुडे, मग तो वास:
आंबट, ओला, जरासा लबाड.
मी श्वास घेतला आणि घेतच राहिलो.
मिसेस पेनर दारातच थबकल्या.
"गटार तुंबलंय," म्हणाल्या.

प्लंबर आला.
त्याने फरशीची जाळी उचलली, बॅटरी मारली,
तार घातली, कोपरापर्यंत हात घातला.
मी चादरींच्या घड्या घालत होतो,
चार कोपरे, पुन्हा चार कोपरे,
मान वर न करता.
"दिसत काही नाही," तो म्हणाला,
"पण आहे खरं काहीतरी जिवंत."
मी त्याला मनातल्या मनात जेवायला बोलावलं.

रविवारी शेगडी पेटवली.
कसाव्याचं पीठ फिलिपिनो दुकानातलं.
घाटायला दांडा नव्हता;
जुन्या सामानाच्या दुकानातून दोन डॉलरची
हॉकी स्टिक आणली, कापली, तासली, उकळली.
तरी मुठीजवळ कुणा टायलरचं नाव राहिलंच.
राहू दे म्हटलं. त्याचाही हात लागेल.

पाण्यात कालवलेलं पीठ आधी सालस असतं.
मग एकदम घट्ट होतं, हट्टाला पेटतं,
दांडा ओढून घेतं.
आणि पातेलं फिरायला लागलं.
मी उजवीकडे, तर तेही उजवीकडे,
सबंध स्वयंपाकघर त्याच्यामागून.
गुठळ्या, वाफ, वर किंचाळणारा धुराचा अलार्म.

तेव्हा आठवलं माझं काम.
सात वर्षांचा होतो, आठ, नऊ.
कोरकोर घाटायची, दोन्ही हातांनी, कंबरेतून,
आणि मी समोर बसून
लोखंडी सळ्यांवर पाय रोवायचो
भांडं हलू नये म्हणून.
सगळे म्हणायचे, बांकू कोरकोरचा.
मीही तेच म्हणायचो.
मला वाटायचं, मी नुसता बसलोय.

पातेलं जमिनीवर उतरवलं, टॉवेलवर.
स्टुलावर बसलो, बूट चढवले,
दोन्ही पायांनी ते आवळलं
आणि दोन्ही हातांनी घाटलं.
गार झालं की परत शेगडीवर. परत खाली.
गुडघे तिचे नव्हते, खांदेही नव्हते;
पाय मात्र माझेच होते,
त्यांना सगळं माहीत होतं.

ओल्या वाटीत घोळवून तीन गोळे झाले.
एक वाकडा, एकाच्या पोटात कच्ची गुठळी.
मिरचीचं वाटण, डब्यातले सार्डिन.
पहिला घास बोटांना भाजला,
मग जिभेच्या कडेला ती आंबट कळ,
अर्धीच, पण तीच.

फोटो पाठवला. कोरकोरचं उत्तर आलं:
"तळ लागलाय. भांडं कुणी धरलं?"

मूठभर पीठ बरणीत काढून ठेवलंय
पुढच्याला विरजण म्हणून.
सोमवारी ते ड्रायरमागे जाईल.
प्लंबरचा नंबर मिसेस पेनरनी
भिंतीवर चिकटवलाय.
मी तो माझ्या फोनमध्येही उतरवून घेतला.